कोरडा रुमाल

"अजून कुणी नाही?"

"येतील की. जरा ऊन पडू द्या."

"ऊन केव्हाच पडलंय, भैरू."

"मग सावली पडू द्या," भैरू म्हणाला आणि झेंडूचं एक फूल उगाचच उचलून दुसरीकडे ठेवलं.

बार्शीतली बँडवाल्यांची गल्ली. खंडेनवमीची सकाळ. दुकानात मी ओळीनं पाट मांडले होते, त्यांवर लाल कापड, समोर हळदकुंकवाचं तबक. पाट रिकामे होते. रिकामे म्हणजे, एकावर भैरूचा साइड ड्रम होता. तो दर वर्षी असायचा. भैरूला दुसरं कुणी घेत नव्हतं, कारण तो वाजवतो त्यापेक्षा बोलतो जास्त.

गल्लीची रीत सांगायला हवी. खंडेनवमीला जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो. सुतार करवतीची, शिंपी मशीनची. आमच्या गल्लीत वाद्यांची होते, पण घरी नाही. वादकानं आपलं वाद्य घेऊन निघायचं आणि ज्या मालकाच्या पाटावर ठेवावंसं वाटेल तिथं ठेवायचं. वाद्याला कुंकू लागलं की त्या लग्नसराईपुरता तो माणूस त्या बँडचा. कागद नाही, सही नाही. कुंकू लागेपर्यंत तो कुणाचाच नाही. त्यामुळे त्या सकाळी गल्लीतला प्रत्येक मालक दारात उभा राहून हसत असतो. वर्षभर न हसणारेसुद्धा.

समोरच्या बाजूला काशिनाथशेठ हसत होते. त्यांच्या न्यू गुलमोहर बँडचे पाट भरत आले होते.

मी दारावर नवा फलक लावला होता. 'विजयमाला ब्रास बँड. कलावंतांचा मान, हीच आमची शान.' नवे कोटही शिवून घेतले होते, सोनेरी झालरीचे. ते दिसतील असे खुंट्यांवर टांगले होते.

"बोर्ड बघून माणूस सलूनमध्ये शिरतो, ताई," भैरू म्हणाला. "हितं न्हाई शिरत."

मागं खुर्चीत दादा बसले होते. माझे वडील, विजयमालाचे मालक. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलण्यातला एकच शब्द उरला होता, 'पुढं'. वरातीत थांबलेला बँड पुन्हा चालू करताना ते तो म्हणायचे. आता भूक लागली तरी 'पुढं', पंखा हवा असला तरी 'पुढं'. भाऊ पुण्याला नोकरीला. मी पतपेढीतली नोकरी सोडून दुकानात बसले होते.

आमच्याकडं माणूस का येत नाही, हे मला माहीत होतं. त्याचं कारण खुर्चीत बसलं होतं.

दादांच्या हातात नेहमी पांढरा रुमाल असे. रुमाल वर गेला की बँड थांबायचा, जागच्या जागी, अर्ध्या सुरात. अशी शिस्त जिल्ह्यात कुणाकडं नव्हती. पण दादा रुमाल वर करायचे ते बहुतेक वेळा कुणाचा तरी सूर चुकला म्हणून. मग भर वरातीत, बायकापोरांसमोर, त्या माणसाला पुढं बोलवायचे आणि झाडायचे. एकदा एकाच्या अंगातला कोट तिथंच काढून घेतला होता. तो बिचारा बनियनवर ट्रम्पेट घेऊन घरी चालत गेला. गल्लीत अजून तो रस्ता दाखवतात.

'विजयमाला म्हणजे एका सीझनचं काम,' असं लोक म्हणत. दुसऱ्या सीझनला थांबणारे दोघंच, भैरू आणि नामदेवकाका.

आणि त्या सकाळी नामदेवकाकासुद्धा आले नव्हते.

*

आले. पण एकटे नाही. त्यांच्यामागं एक ट्रम्पेटवाला होता, गुलमोहरचा.

"हा सुरेश," काका म्हणाले. "म्हणतोय, हितं ठेवतो."

सुरेशनं ट्रम्पेट पाटावर ठेवला, मी कुंकू लावलं आणि तो दादांकडं चोरून बघत म्हणाला, "ताई, ते खुर्चीचं खरंय ना?"

"कसलं खुर्चीचं?"

"वैशाखातलं. आडत्यांच्या दारातलं."

भैरू घाईनं म्हणाला, "खरंय, खरंय. तू बस."

*

गल्लीत सांगतात ते असं, सुरेशच्या तोंडून:

वैशाख. टळटळीत दुपार. बडे आडते रणदिवे यांच्या मुलाची वरात. फाटकापाशी वरात थांबली. नामदेवकाकांचं वय झालेलं, त्यात ते युफोनियम, पोटाशी धरून वाजवायचं जडशीळ पितळ. काका ओट्याच्या पायरीवर टेकून वाजवायला लागले. रणदिव्यांचा पुतण्या आला, म्हणाला, ऊठ. उभा राहून वाजव. तेवढ्यात ताईंनी रुमाल वर केला. बँड बंद. ताई म्हणाल्या, माझा माणूस बसूनच वाजवंल. रणदिव्यांना स्वतः खुर्ची आणून द्यावी लागली.

*

अर्ध्या तासात ढोलवाला आला. त्याच्याकडची गोष्ट अशी:

ताईंनी पुतण्याला सांगितलं, तूच वाजव मग. युफोनियम त्याच्या गळ्यात घातलं. पुतण्या रडला.

*

मग झांजवाला आणि त्याचा मेहुणा. त्यांच्या गोष्टीत मी रणदिव्यांची सुपारी, म्हणजे ठरवलेलं काम, तिथल्या तिथं परत केलं होतं आणि खुर्ची आतून आली ती चांदीच्या पायांची होती.

"चांदीची?" मी भैरूकडं बघितलं.

भैरू ड्रमची दोरी आवळत होता. "लोक सांगताना वाढवतात. मी फक्त खुर्ची म्हणालो होतो."

पाट भरत होते. मी कुंकू लावत होते. प्रत्येक जण आधी माझ्याकडं बघायचा, मग दादांकडं, मग पुन्हा माझ्याकडं, जणू खात्री करून घेत होता की रुमाल आता कुणाकडं आहे. रुमाल माझ्या कमरेला होता. काशिनाथशेठांचं हसू कमी होत गेलं. त्यांच्या पाटांपाशी चार माणसं कुजबुजत होती.

फक्त क्लॅरिनेट नव्हतं. क्लॅरिनेटशिवाय बँड म्हणजे नुसता गलका. त्याला कुणी वरात देत नाही. आणि बार्शीत चांगलं क्लॅरिनेट एकच होतं.

*

इलाही मास्तर गल्लीतून येताना दुरूनच कळायचे. अत्तराचा वास आधी, मग ते. केस काळेभोर रंगवलेले, मिशीला पीळ, बगलेत वाद्याची पेटी. माझ्या लहानपणापासून ते गुलमोहरमध्ये होते. ते काशिनाथशेठांच्या दारासमोर थांबले. शेठ दोन पायऱ्या उतरले. मास्तरांनी त्यांना वाकून सलाम केला आणि रस्ता ओलांडून आमच्याकडं आले. मागोमाग गुलमोहरचे आणखी दोन ट्रम्पेटवाले दाराशी येऊन थांबले.

चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

"काय म्हणता दादा?" मास्तर म्हणाले.

"पुढं," दादा म्हणाले.

"हां, पुढंच जायचंय." मास्तरांनी पेटी उघडली, क्लॅरिनेट काढलं, जोडलं, पाटाजवळ नेलं. आणि ठेवलं नाही. हातात धरून म्हणाले, "ताई, एक विचारू का? मी त्या वरातीत नव्हतो. गल्ली काय, बारा तऱ्हेनं सांगते. खुर्ची, चांदी, सगळं सोडा. मला एवढंच सांगा, रुमाल वर केला तेव्हा मनात काय होतं?"

"मनात काय असायचं? राग!" भैरू म्हणाला.

"तुला विचारलं का रे, ढमढम? ताई सांगतील."

माझी कुंकवाची बोटं तशीच होती.

काय झालं होतं ते इतकं साधं होतं की त्याची गोष्ट होईल असं मला वाटलंही नव्हतं. दादा पडल्यावर मी पहिल्यांदाच बँड घेऊन निघाले होते. ऊन मी म्हणत होतं. डोळ्यांत घाम उतरला. मी कमरेचा रुमाल काढला आणि कपाळ पुसायला वर नेला. बस्. माझ्या मागं सगळा बँड खाडकन थांबला. मला आधी कळलंच नाही काय झालं. पुतण्या नामदेवकाकांवर ओरडतोय हे मी ऐकलंच नव्हतं, बँडच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नव्हतं. बँड थांबला आणि त्या शांततेत त्याचं उरलेलं वाक्य सगळ्या वरातीनं ऐकलं, "ऊठ की म्हाताऱ्या, बसून वाजवायला काय घरची पूजा आहे?" नवे व्याही शेजारीच उभे होते. रणदिवे लाजेनं लाल झाले आणि त्यांनीच ओरडून खुर्ची मागवली. प्लास्टिकची. मी काही बोलले नव्हते. बोलायला तोंड उघडलं होतं ते 'वाजवा' म्हणायला.

हे मी दादांना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं आणि ते डाव्या बाजूनं खूप वेळ हसले होते. आता ते हसत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

मी हो म्हटलं असतं, तर क्लॅरिनेट पाटावर होतं. त्याच्यामागं दोन ट्रम्पेट. त्या सराईची प्रत्येक मोठी वरात आमच्या दारात. एवढंच म्हणायचं होतं: राग आला होता, मास्तर.

आणि ते विचारत होते ते हेच, की माझ्यावर किती भार टाकावा. एखादा माणूस पूल ओलांडण्याआधी पाय आपटून बघतो तसं.

"घाम पुसत होते," मी म्हणाले.

"काय?"

"कपाळावरचा घाम. रुमाल त्यासाठी वर गेला. काकांना कुणी बोलतंय हे मला ठाऊकच नव्हतं."

भैरूनं कपाळावर हात मारला तो आवाज ड्रमसारखा आला.

इलाही मास्तर हसायला लागले. हसता हसता त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे वेगळे केले आणि एकेक करून पेटीत ठेवले.

"नाराज नाही हां ताई. अल्लाशपथ नाही. पण वय झालं, कंबर गेली. आता कुणीतरी आपल्यासाठी थांबणारं हवं होतं. मी त्या रुमालाच्या भरवशावर निघालो होतो. घामाच्या भरवशावर कसं यायचं?"

ते रस्ता ओलांडून परत गेले. ट्रम्पेटवालेही गेले. काशिनाथशेठांनी स्वतः पाटावरची फुलं बाजूला केली.

"जरा गप बसला असता तर!" भैरू जवळजवळ रडत होता. "मी पाच महिने खपून बांधलं हो ते!"

सुरेश आपल्या ट्रम्पेटकडं बघत म्हणाला, "कुंकू लागलंय म्हणून थांबतोय, ताई. नाहीतर…"

"नाहीतर काय?" नामदेवकाका म्हणाले. ते अजून दारातच होते, युफोनियम छातीशी. त्यांनी ते पाटावर टेकवलं, मोठ्यानं सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मला खुर्ची मिळाली. ती रागानं मिळाली का घामानं मिळाली, माझ्या गुडघ्यांना काय फरक पडतो? लाव कुंकू."

मी कुंकू लावलं. दादा म्हणाले, "पुढं."

*

त्या सराईत आम्ही क्लॅरिनेटशिवाय वाजवलं. सुरेश ट्रम्पेटवर गाणं ओढायचा, बाकीचे आवाजानं भोकं बुजवायचे. मोठी कामं आली नाहीत. गल्लीत आता नवीन गोष्ट होती, 'घामवाल्या ताई'. पोरं मला बघून कपाळ पुसायची.

मी एकच केलं. प्रत्येक सुपारी घेताना काकांसाठी खुर्ची मागून घ्यायला लागले. सुरेशनं एकदा विचारलं, "आता कशाला? आता तर सगळ्यांना माहितीये." काका बसून जास्त चांगले वाजवायचे, हे एक.

मार्गशीर्षात एक बरं काम आलं. मुलाकडच्यांचा बँड आमचा, मुलीकडच्यांचा गुलमोहर. सकाळची वरात. थंडी अशी की पितळी तोंडं ओठाला झोंबत होती. मी शाल गुंडाळून पुढं चालत होते.

मंडपासमोरच्या मैदानात दोन्ही बँड समोरासमोर आले. अशा वेळी चढाओढ असते. आमचा गलका आणि त्यांचं क्लॅरिनेट. इलाही मास्तरांनी असं काही उचललं की आमचाच ढोलवाला ताल सोडून ऐकत राहिला. नवरदेवाची मित्रमंडळी त्यांच्याभोवती नाचायला लागली. त्यांत नवरदेवाचा मावसभाऊ होता, गॉगल लावलेला. त्यानं खिशातून नोट काढली, मास्तरांना दाखवली आणि खाली मातीत ठेवली.

मी अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मास्तर, तोंडानं उचला! वाजवत वाजवत!"

तरुणपणी मास्तर हे करायचे. मागं कमान टाकून, वाजवता वाजवता जमिनीपर्यंत जाऊन, ओठांनी नोट उचलून परत सुरावर. लोक शिट्ट्या मारायचे. मास्तर ते फुशारकीनं सांगायचेही. पण तेव्हा नोट ते स्वतः ठेवायला सांगायचे.

आता त्यांनी डोळे मिटून घेतले आणि वाजवत राहिले, जणू ऐकलंच नाही. गॉगलवाल्यानं नोट पायानं त्यांच्या पुढ्यात सरकवली. खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. मास्तरांचा एक गुडघा वाकला. मी काशिनाथशेठांना शोधलं. ते दिव्यांच्या गाडीपाशी पाठ करून उभे होते आणि एक बल्ब आवळत होते. दिवसा.

गॉगलवाला आमच्या सुपारीतला. मास्तर माझे कुणी नव्हते.

मी शालीतून हात काढला. रुमाल वर केला.

विजयमाला थांबला. अर्ध्या सुरात, जागच्या जागी. कुणाला कारण माहीत नव्हतं. रुमाल दिसला, थांबले. समोरचा गुलमोहर दोन ठोके तसाच धावला आणि मग एकेक वाद्य चाचपडत गप्प झालं. आणि त्या शांततेत मैदानभर ऐकू आलं,

"वाक की रे वाजंत्र्या, तोंडानं उचल म्हटलं ना!"

नवरदेवाचे वडील तरातरा माझ्याकडं आले. "बँड का थांबला? मुहूर्त जवळ आलाय!"

"थांबवलाय."

"का?"

"मास्तरांना उभं राहू द्या. मग सुरू करते."

"ते तुमच्या बँडचे आहेत का?"

"नाहीत."

"मग तुम्हाला काय करायचंय?"

रुमाल वरच होता, आणि आता खाली घेणं मला जमत नव्हतं. मागं माझी माणसं श्वास धरून उभी होती. सगळ्यांची पोटं त्या हातावर होती हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात मुलीकडच्या बायकांतून नवरीची आत्या पुढं आली. नऊवारी, नाकात नथ, आवाज ढोलासारखा. "काय हो व्याही, तुमच्याकडं माणसाला पैसे मातीत ठेवून देतात होय? मग आमच्या पोरीला ताट कुठं वाढणार?"

बायका फसकन हसल्या. नवरदेवाच्या वडिलांनी गॉगलवाल्याकडं बघितलं. तो जागचा हलला नाही. शेवटी फेटा सावरत ते स्वतःच खाली वाकले, नोट उचलली, झटकली आणि मास्तरांच्या हातात देऊ लागले. मास्तरांनी घेतली नाही. ते फक्त सरळ उभे राहिले, हळूहळू, कमरेवर हात ठेवून.

मी रुमाल खाली घेतला. "पुढं," म्हणाले.

त्या घरातून पुन्हा कधी सुपारी आली नाही. त्यांच्या नात्यातूनही नाही. मास्तर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

*

गल्लीत सांगतात ते असं:

मार्गशीर्षात ताईंचा रुमाल पुन्हा चुकून वर गेला. घाम पुसत होत्या. मागच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की.

*

पुढची खंडेनवमी. पाट मांडले. भैरूनं ड्रम ठेवला. काकांनी युफोनियम ठेवलं. सुरेशनं न बोलता ट्रम्पेट ठेवला आणि चहा सांगायला गेला. अजून ऊन पडलं नव्हतं.

अत्तराचा वास आला.

इलाही मास्तरांनी या वेळी समोरच्या दाराकडं बघितलं नाही. पेटी उघडली. क्लॅरिनेट जोडलं आणि सरळ पाटावर ठेवलं, लाल कापडावर, दादांच्या खुर्चीसमोर.

भैरूला राहवलं नाही. "मास्तर, या वेळी काही विचारायचं न्हाई का? गल्ली म्हणते, ताईंना घामच फार येतो."

"मार्गशीर्षात?" मास्तर म्हणाले.

भैरू गप्प झाला. असं फार क्वचित होतं.

"मी हाताच्या अंतरावर होतो," मास्तर मला म्हणाले. "एक गुडघा खाली होता म्हणून नीट दिसलं. रुमाल कोरडा होता."

मी तबकात बोट बुडवलं.